काज-बटण राहिलंय

"मग कात्री तिच्याकडे आली कशी?" वकिलाने विचारलं. त्याचे दोन्ही हात बाजूंना पसरलेले होते आणि मास्तरांची टेप त्याच्या छातीभोवती होती. त्याने श्वास सोडला तशी टेप चव्वेचाळिसावर आली. मास्तरांनी वहीत बेचाळीस लिहिलं. चुकलं हे लिहितालिहिताच कळलं, पण खोडायला हात वळेना. "न विचारता घेतली तिने, साहेब," ते म्हणाले. "मला कुठलं ठाऊक असणार?" वाक्य अगदी सहज निघालं. चार दिवसांत ते इतक्यांदा निघालं होतं की आता त्याला वाट सापडली होती. वकील आरशात स्वतःकडे बघत म्हणाला, "मास्तर, मी मुलांच्या कोर्टात जात नाही, तिथलं काम वेगळं. पण एक सांगून ठेवतो. ज्याला कुणाला वकील म्हणून घ्याल, तो पहिला प्रश्न हाच विचारील. आणि तुम्ही म्हणता तसं असेल तर अवघड आहे. पोरीने घरून गुपचूप कात्री नेली म्हणजे ठरवून नेली. मग अठरा पुरी होईपर्यंत सुधारगृह. तेच कात्री काही कामासाठी दप्तरात असती, तर काय, पोरींची झटापट, ओढाताणीत लागलं. समज देऊन घरी सोडतात अशा वेळी." मग त्याने हात खाली घेतले. "बाही जरा आखूड ठेवा. मागच्या वेळी लांब झाली होती." मास्तर बरं म्हणाले.

रस्त्याच्या पलीकडे कोर्ट आणि अलीकडे मास्तरांचं दुकान, दुकानामागेच घर. पलीकडे जे काळे कोट तावातावाने बोलत उभे असत त्यातले निम्मे याच टेबलावर कापलेले. कुणाचा उजवा खांदा फायली वाहून उतरलाय, कुणाची कंबर दर वर्षी इंचभर वाढते आणि कबूल मात्र होत नाही, कुणाच्या खिशाचं तोंड सारखं उसवतं कारण बोलताना हात खिशात कोंबायची खोड, हे सगळं मास्तरांना तोंडपाठ. बायको पूर्वी हसून म्हणायची, "अर्धं कोर्ट तुमच्यापुढे हात वर करून उभं राहतं, आणखी काय पाहिजे?" आणि आज स्वतःच्या पोरीसाठी एक वकील शोधायची पाळी आली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की यातला कोण चांगला वकील आहे ते आपल्याला बिलकूल ठाऊक नाही. कुणाची पाठ बाकदार आहे ते ठाऊक. चव्वेचाळीस छातीवाला गेला. मास्तरांनी सवयीने टेबलाच्या कडेच्या खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता. त्यांची बारा इंची कात्री पोलिसांकडे होती, लाखेची मोहोर मारलेल्या पिशवीत. बाजारातून आणलेली नवी कात्री खणात पडली होती, तिच्या कडीत अंगठा नीट बसत नव्हता.

कपडा कापायची कात्री शिंपी कुणाच्या हाती देत नाही. तिने कागद कापायचा नाही, दोरा तोडायचा नाही, ती जमिनीवर ठेवायची नाही. मास्तर ज्यांच्याकडे शिकले त्यांनी पहिलं वर्षभर त्यांना कात्रीला हात लावू दिला नव्हता. तोच नियम मास्तरांनी घरात चालवला. पोर दोन वर्षांची असताना टेबलाखाली बसून रिकाम्या बॉबिनांशी खेळायची, म्हणून तिचं नावच बॉबिन पडलं. तेव्हापासून ती त्या कात्रीकडे बघत आलेली. "बाबा, एकदा." "नाही." "धरून तर बघते." "नाही म्हटलं ना." आणि त्या सोमवारी सकाळी मास्तरांनी स्वतःच्या हाताने ती कात्री तिला दिली. धार गेली होती, दुपारपर्यंत एक कोट कापायचा होता, आणखी तिघांची कामं खोळंबलेली. धारवाला शाळेच्या वाटेवर बसतो. "जाताना दे आणि मधल्या सुट्टीत आणून दे," ते म्हणाले. पंधरा वर्षांची पोर, पण तिने दोन्ही हात पुढे केले, तान्हं मूल घ्यावं तसे. वाइन रंगाच्या अस्तराचा एक तुकडा मास्तरांनी कापला, कात्रीला दोन वेढे दिले, वरून काठाच्या पट्टीने बांधून गाठ मारली. "सांभाळून ने," म्हणाले. धारवाला त्या दिवशी आलाच नव्हता. कात्री दप्तरात राहिली. मधल्या सुट्टीच्या आधी, जिन्यात, वर्गातल्या एका मुलीने दप्तर ओढलं. त्या मुलीच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत एकोणीस टाके पडले. एकोणीस हा आकडा मास्तरांच्या डोक्यातून जाईना. मशीनवर बसले की ते नकळत मोजत, आणि एकोणिसाव्या टाक्याला त्यांचा पाय थांबे.

तर असं होतं. कात्री त्यांनीच दिली होती, आणि दिली नाही असं ते जगाला सांगत सुटले होते. का? हे त्यांनी स्वतःला कैकदा विचारलं, दाढी करताना, इस्त्री तापायची वाट बघताना. संध्याकाळी पाचला पोलीस दुकानात आले तेव्हा दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, दोन्ही वकील. फौजदाराने पिशवी टेबलावर ठेवली. "ही तुमची?" हो म्हटलं. "पोरीकडे कशी?" आणि मास्तरांची पाचावर धारण बसली. अल्पवयीन मुलीच्या हातात हत्यार दिलं, म्हणजे आता आपल्यालाच नेणार, या दोघांसमोर नेणार, उद्या दुकानाची पायरी कोण चढेल, असं काहीतरी एका क्षणात डोक्यातून गेलं. की तेही नव्हतं? खरं सांगायचं तर विचार असा काही आलाच नाही. तोंडात जे तयार होतं ते बाहेर पडलं. "आमच्या घरात माझ्या कात्रीला कुणी हात लावत नाही," ते म्हणाले. "न विचारता नेली असणार." फौजदाराने लिहून घेतलं, मास्तरांनी सही केली. सही करून मान वर केली तेव्हा दारात बॉबिन दिसली. तिच्या दंडाला एका महिला पोलिसाने धरलं होतं. ती बापाकडे बघत होती. रडत नव्हती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ती काहीच बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतर चौकीतही नाही. मास्तरांना वाटलं, आता बोलेल. मग वाटलं, नको बोलायला. हे दुसरं वाटलेलं ते कुणालाही सांगू शकले नसते.

शिंपी खोटं बोलतो हे सगळ्या जगाला ठाऊक असतं आणि जग ते मनावर घेत नाही. कोट अजून कापलासुद्धा नसतो आणि शिंपी सांगतो, "झालाय साहेब, फक्त काज-बटण राहिलंय, संध्याकाळी या." गिऱ्हाइकालाही कळतं, तो हसतो आणि जातो. मास्तरांनी हे वाक्य आयुष्यात किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. बॉबिन सात वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात तिला चार ओळी म्हणायच्या होत्या. "येतो, नक्की येतो," मास्तर म्हणाले होते, आणि पोहोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. पोर पायरीवर बसून होती. त्यांना बघून म्हणाली, "बाबा, काज-बटण राहिलं होतं का?" घरी येऊन हे बायकोला सांगितलं तर ती पोट धरधरून हसली, मास्तरही हसले. तेव्हापासून घरात ते चालूच झालं. भाजी आणायची विसरली की काज-बटण राहिलं. बॉबिन मात्र त्या दिवशी हसली होती का, हे मास्तरांना आता काही केल्या आठवेना.

वकील शोधणं सुरूच होतं. एका म्हाताऱ्या वकिलाकडे ते गेले. अडतीस छाती, उजवा खांदा पाऊण इंच उतरलेला, वीस वर्षं एकच कॉलर. मुलांच्या खटल्यांत याचा हात धरणारा नाही असं सगळे म्हणत. त्याच्या खोलीत कागदांचा जुनाट वास होता आणि खिडकीला पडदा नव्हता, सगळा उजेड मास्तरांच्या तोंडावर. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "कात्री कशी आली तिच्याकडे?" मास्तरांनी आपलं वाक्य म्हटलं. "तुमच्या घरात कात्री कुठे असते?" "दुकानात, खिळ्याला." "म्हणजे तुमच्या हाताशी. आणि सकाळी दुकान उघडून तुम्ही कामाला बसलात आणि दुपारपर्यंत तुम्हाला कळलं नाही की कात्री नाही?" मास्तर म्हणाले, "दुसऱ्या कात्रीने काम करत होतो." "मास्तर," म्हातारा म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं लपवू नये. घरी जा, आठवून बघा, मग या." मास्तर नमस्कार करून उठले. जिना उतरून रस्त्यावर आले. ते पुन्हा त्या जिन्याच्या वाटेला गेले नाहीत. बायकोला सांगितलं, "त्यांना वेळ नाही." त्यानंतर आपण वकील शोधतोय की कात्रीचं न विचारणारा वकील शोधतोय, हे त्यांनी स्वतःपाशी नीट उघडून बघितलं नाही.

आणि तसा एक सापडला. चाळीस छाती, सुरेख बांधा, ज्याला कोट शिवून शिंप्यानेच दोन पावलं मागे सरून बघत राहावं. त्याने वकीलपत्रावर सही घेतली, मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. "पोरगी आमच्या लेकीसारखी. तुम्ही निर्धास्त राहा. अर्ज करू, वय बघून सोडतील." कात्रीचा शब्दही नाही. मास्तरांच्या जिवात जीव आला. घरी येऊन ते चार घास जास्त जेवले, आणि जेवताना बायकोच्या ताटाकडे त्यांचं लक्ष गेलं तर तिने भात नुसता चिवडून ठेवला होता.

आठव्या दिवशी सकाळी मास्तर आरशासमोर दाढी करत होते. बायको मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. "अस्तर तुम्ही कापलंत," ती म्हणाली. "मी चहा ठेवत होते. सांभाळून ने म्हणालात, ते ऐकलं मी." मास्तरांचा हात गालावर थांबला. साबणाचा फेस मानेवरून खाली ओघळत होता. "मग इतके दिवस का नाही बोललीस?" "तुम्ही बोलाल म्हणून. रोज वाटायचं, आज सांगतील, आज वकिलाला सांगून येतील. आठ दिवस मूग गिळून बसले मी." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी कोर्टात सांगू का?" "थांब जरा," मास्तर म्हणाले. "वकील बघतोय सगळं." "वकील काय बघतोय? त्याला तुम्ही काय सांगितलंय?" मास्तरांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "अहो, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा," ती म्हणाली, तांब्या ठेवला आणि आत गेली. अर्ध्या गालाची दाढी राहिली होती. ती उरकताना मास्तरांनी आरशात आपल्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

त्याच दुपारी ते चाळीस छातीवाल्याकडे गेले. सुनावणी दोन दिवसांवर आली होती. तो कोर्टाच्या पायऱ्या उतरत होता, मास्तरांनीच शिवलेला कोट वाऱ्यावर उघडा. "साहेब, अर्ज?" "तयार आहे मास्तर, एकदम तयार. फक्त सही राहिलीय. उद्या या." त्याने पाठीवर थाप मारली, डोळा किंचित बारीक केला आणि पुढे निघून गेला. मास्तर पायरीवर खिळून उभे राहिले. हा सूर त्यांना ठाऊक होता. हा डोळा, ही थाप, हे 'उद्या या'. अर्ज लिहिलेला नव्हता. कागदसुद्धा काढला नव्हता. गिऱ्हाइकाला कसं वाटत असेल हे बावीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांना कळलं, आणि त्यांचं गिऱ्हाईक तरी कोटासाठी यायचं. ते तिथेच पायरीवर टेकले. येणारे-जाणारे वकील त्यांना "काय मास्तर, आज इकडे?" म्हणत होते. कोणी थांबलं नाही, आणि थांबावं असं मास्तरांनीही काही म्हटलं नाही.

चाळीस छातीवाल्याचा नाद मास्तरांनी सोडला. नवव्या दिवशी मुलांच्या कोर्टाने स्वतःच नेमून दिलेली वकील बाई निरीक्षणगृहात भेटली, बॉबिनला पहिल्या दिवसापासून तिथेच ठेवलं होतं. तिशीची असेल. अंगात कोट नव्हता, साधा सुती सदरा. मास्तरांची नजर पुन्हापुन्हा तिच्या खांद्यांकडे जात होती, तिथे वाचायला काही नव्हतं. ती म्हणाली, "मुलांच्या कोर्टात आम्ही कोट घालत नाही. मुलं घाबरतात." खोलीत एक लांब टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर लहान मुलांनी रंगवलेले घोडे. बॉबिनला आणलं. तिला कुणाचा तरी निळा सदरा घातला होता, खांदा हातावर उतरलेला, बाह्या तीन घड्या मारून वर केलेल्या. मास्तरांची बोटं त्या खांद्याला चिमटीत धरायला पुढे झाली आणि मागे आली. नऊ दिवसांत पोरीचे गाल बसले होते. ती बापाच्या गळ्याकडे बघत होती. मास्तरांनी हात नेला तेव्हा कळलं, टेप गळ्यात तशीच राहिली होती, दुकानातून तसेच आले होते.

"बस," वकील बाई म्हणाली. "मी तुझ्या बाजूची आहे. मला एकच सांग. कात्री शाळेत कशाला नेली होतीस?" बॉबिनने मान वर केली. ती बाईकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. "न विचारता नेली," ती म्हणाली. "आमच्या घरात बाबांच्या कात्रीला कुणी हात लावत नाही. बाबांना माहीत नव्हतं." शब्द न् शब्द तोच. मास्तरांचाच जबाब, त्यांच्याच चढउतारासकट, जणू शाळेत पाठ करून घेतला होता. तिने नऊ दिवस तो जपून ठेवला होता. सांभाळून ने म्हटलं होतं ना. वकील बाई लिहायला लागली. मास्तरांना पेनाचा कागदावरचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यांना वाटलं, आणखी दोन ओळी लिहून झाल्या की हे कायमचं होईल, मग आपण सुटलो. सुटलो. त्या शब्दाचीच त्यांना शिसारी आली.

"मी दिली," ते म्हणाले.  "कात्री मी दिली. धार लावायला दिली. ती खोटं बोलतेय. म्हणजे मी खोटं बोललो, ती माझं म्हणून दाखवतेय."

बाईचं पेन थांबलं.  "हे तुम्ही आज सांगताय?" "हो." "जबाबावर तुमची सही आहे. उद्या सरकारी वकील काय म्हणेल ठाऊक आहे? नऊ दिवसांनी बापाला उपरती झाली, पोरीला सोडवायला रचून सांगतोय. आणि कोर्टाला ते पटेल. कुठलाही बाप असंच करील." मास्तर म्हणाले, "नऊ दिवस खोटं सांगत होतो, तेव्हा सगळ्यांना पटलं."  बाईने फाइल उघडली. "कशात गुंडाळली होती?" "अस्तरात. वाइन रंगाचं. दोन वेढे, वरून काठाची पट्टी, गाठ." तिने पंचनाम्यावरून बोट फिरवलं. "आहे. तांबड्या कापडाचा तुकडा, पट्टी. पण हे तीही गुंडाळू शकते. धारवाला?" "तो त्या दिवशी आलाच नव्हता," बॉबिन म्हणाली. आता ती आपल्या आवाजात बोलली, बारीक, जरा बसक्या. "मी दहा मिनिटं थांबले त्याच्यासाठी. मग घंटा होईल म्हणून गेले. येताना देणार होते." बायकोने सगळं ऐकलंय, हेही मास्तरांनी सांगितलं. ती साक्ष देईल, पण ती आई आहे, तिचंही वजन तेवढंच, असं बाई लिहीत लिहीत स्वतःशीच बोलत होती. तेवढ्यात बॉबिन म्हणाली, "आणखी एक लिहा. तिने दप्तर ओढलं, तशी कात्री पडली, गाठ सुटली. मी उचलली, तिने धरली. ती ओढत होती, मी ओढत होते. पण शेवटी मी ओढली नाही. ढकलली. मला राग आला होता. बाबांच्या कात्रीला तिने हात लावला म्हणून."

बाहेरच्या पटांगणात कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. मास्तरांना तो आवाज मोजावासा वाटला, आणि त्यांनी मोजला नाही. बाईने पेन खाली ठेवलं. "हे मला सांगितलंस ते बरं केलंस," ती हळू म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. मग तिने मास्तरांपुढे कोरा कागद सरकवला. त्यांनी स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं, कात्री, अस्तर, गाठ, फौजदार, बाकावरचे दोघे. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं. बाईने कागद फाइलमध्ये घातला. "कागदाने भागायचं नाही. उद्या दहाला सुनावणी. तुम्हाला उभं राहून हे बोलावं लागेल, सरकारी वकील उलटसुलट विचारील, आणि खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावरही काही येऊ शकतं. सरकारी वकील कदाचित तुमचंच गिऱ्हाईक असेल. याल ना?"

"येईन," मास्तर म्हणाले. "नक्की येईन."

बॉबिनला आत न्यायला निरीक्षणगृहातली ताई आली. बॉबिन उठली, खाली आलेली बाही पुन्हा कोपरापर्यंत ओढली. दारापाशी ती थांबली. "बाबा."

"काय गं?"

"काज-बटण राहिलं तर?"

ती हसत नव्हती. चेष्टाही करत नव्हती, तिला खरंच विचारायचं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. 'नक्की येईन' हा जो शब्द द्यायचा होता तो ते आत्ताच बोलून बसले होते, आणि बॉबिनने तो लहानपणापासून ऐकलेला होता. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि हातात धरून उभे राहिले. ताईने दार लावून घेतलं.